पालथ्या वाट्या

मलप्पाचा डबा रसूलने सुताच्या बीमच्या, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या मोठ्या रुळाच्या मागे लपवला होता. जेवणाच्या सुट्टीला मलप्पा खुंटीपाशी आला, रिकाम्या खुंटीकडे बघत उभा राहिला आणि मग त्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. आम्ही सगळे आपापल्या मागात असे काही गुंतलो होतो, की जणू अख्ख्या इचलकरंजीचं कापड आजच विणून संपवायचं आहे. तेवढ्यात माझी भाची तनू सुताच्या कांड्यांच्या पेटीवरून उठली, तुरुतुरु बीममागे गेली आणि डबा काढून तिने तो मलप्पाच्या हातात नेऊन दिला. परत येऊन पेटीवर बसली आणि पाय हलवू लागली, जसं काही झालंच नाही.

हे पहिल्यांदा होत नव्हतं. रसूलने चपला लपवाव्यात, तनूने शोधून द्याव्यात. रसूलने मलप्पाच्या चहाच्या ग्लासात नुसतं पाणी भरून वर बशी झाकावी, तनूने मलप्पासमोरच बशी उचलून दाखवावी. मलप्पा खूश होता. त्याला वाटायचं, पोरगी आपल्या बाजूची आहे.

बाहेर चहाच्या गाड्यावर रसूल मला म्हणाला, "दिगूभाऊ, ह्या पोरीला घरी ठेवा. शेडमधली सगळी मजा घालवली हिनं."

"लहान आहे रे."

"सहा वर्षांची काय लहान? माझी चार वर्षांची कार्टी मला फसवून गोळ्या खाते."

"तुझ्या पोरीला ऐकू येतं."

रसूलने चहा बशीत ओतला. माणूस दिलदार होता, चुकून भलत्या ठिकाणी बोट लागलं की त्याला कळायचं. पण थोड्या वेळाने बशीतला चहा फुंकत म्हणाला, "ते खरं. पण ऐकायचा आणि फसवायचा काय संबंध?"

मी आपला त्याच्या चहाचे पैसे देऊन मोकळा झालो.

तनू माझ्या बहिणीची, कुमुदअक्काची मुलगी. जन्मापासून तिला ऐकू येत नव्हतं. अक्काचं सासर आमच्याच गल्लीच्या पलीकडच्या टोकाला, त्यामुळे माझं तिथे जाणं-येणं घरच्यासारखं. त्या घरात शब्द चालायचा तो अक्काच्या सासूबाईंचा. मी त्यांना मावशी म्हणायचो. दाजी म्हणजे माझे मेहुणे, ते आईसमोर इतके कमी बोलत की परक्या माणसाला वाटावं, ऐकू न येण्याची भानगड बापापासूनच आली असेल.

कोणा जाणत्या माणसाने मावशींना सांगितलं होतं, की अशा मुलांशी खुणा करायच्या नाहीत. खुणांची सवय लागली की मूल बोलायचा आळस करतं. झालं, मावशींनी तो कायदा केला. तनूने पाण्याच्या माठाकडे बोट दाखवलं की मावशी तिचा हात खाली करत आणि मोठ्याने म्हणत, "पा-णी. म्हण, पा-णी." तनू त्यांच्या ओठांकडे बघे, "आ" असा काहीतरी आवाज काढी आणि शेवटी तहानलेलीच उठून जाई. अक्का मग मागच्या दाराने तिला तांब्या नेऊन देई. त्या घरात तनूला सगळं मिळत होतं. अन्न, कपडे, वेणीत गजरा. बोलायला मात्र कोणी नव्हतं.

अक्काला पुन्हा दिवस गेले, तेही इतक्या वर्षांनी, आणि सुरुवातीला तिला फार त्रास झाला. तेव्हा दुपारची मी तनूला शेडमध्ये घेऊन जाऊ लागलो. आता आमच्या शेडचं सांगायचं तर तिथे ऐकू येणारा आणि न येणारा सारखाच. सगळे माग एकदम चालू झाले की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नसायचा. म्हणून मागवाले हाताने बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, मालक आला, चहा सांग, तुझ्या बायकोने काल काय केलं, सगळं हाताने, तेही लांबून. तनू पहिल्या दिवशी दारात उभी राहिली आणि तिने इकडून तिकडे मान फिरवली. मोठमोठी माणसं हात हलवत होती आणि त्यांचे हात कोणी खाली करत नव्हतं. ती परत घरी यायलाच तयार होईना.

आठवडाभरात ती पाणी मागू लागली. महिन्याभरात मलप्पाशी भांडू लागली. घरी हे मी सांगितलं नाही. मावशींना वाटायचं, पोरगी यंत्र बघत बसते.

पण रसूलचा प्रश्न त्याच्या स्वतःच्याच डोक्यातून जाईना. एके दिवशी डबा लपवायच्या आधी तो तनूसमोर उकिडवा बसला. आमच्याकडे एक खूण होती. कपाळाला बोट लावायचं आणि मूठ मिटायची, म्हणजे माहीत आहे. कपाळाला बोट लावायचं आणि मूठ उघडून झटकायची, म्हणजे माहीत नाही. रसूलने डबा बीममागे ठेवला. स्वतःकडे बोट केलं, मूठ मिटली. तनूकडे बोट केलं, मूठ मिटली. मग तिकडे धोट्यात कांडी भरत असलेल्या मलप्पाकडे बोट केलं आणि मूठ उघडली.

तनूने मान हलवली. नाही. तिने बीमकडे बोट दाखवलं. डबा तर तिथे आहे की. मग मलप्पाला माहीत कसं नसेल?

रसूलने पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा मान हलवली आणि उठून मलप्पाला डबा दिला.

दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. रसूल जॉबर होता, मागांची दुरुस्ती करणारा, बिघडलेला माग सोडून द्यायची त्याला सवय नव्हती. तो रोज तिच्यासमोर बसायचा. कधी डबा, कधी टोपी, कधी विडीचं बंडल. मला माहीत, तुला माहीत, त्याला माहीत नाही. मलप्पा बिचारा रोज उपाशीपोटी खुंटीपाशी येऊन उभा राहायचा, कारण एव्हाना त्यालाही या शिकवणीचा भाग करून घेतला होता.

आणि मग तो दिवस आला. मलप्पाने खुंटीकडे बघितलं, तनूसमोर येऊन हाताने विचारलं, डबा कुठे? तनू त्याच्याकडे बघत राहिली. बीमकडे बघितलं, परत त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरलं, की मी माझा माग बंद केला. तिने कपाळाला बोट लावलं आणि मूठ उघडून झटकली.

माहीत नाही.

आणि स्वतःच्याच या पराक्रमाने ती इतकी हसली, की पेटीवरून खाली पडली. मलप्पाने तिला उचलून डोक्यावर घेतलं. रसूल माझ्याकडे बघून नुसता मान डोलवत होता. डोळे पुसत होता, पण शेडमध्ये कापसाची धूळ असते, तेव्हा त्यावरून काही म्हणायला नको.

मी तडक अक्काकडे गेलो.

"अक्का, तनू खोटं बोलली."

अक्का तांदूळ निवडत होती. "ही बातमी आहे की चहाडी?"

"पेढे वाटण्यासारखी बातमी आहे." मी सगळं सांगितलं. अक्काचे हात सुपातच थांबले. "म्हणजे तिला कळलं, की तिच्या मनात एक आणि दुसऱ्याच्या मनात दुसरंच असतं?" तिने विचारलं. मी मान डोलावली. ती मला चहा टाकायला उठली आणि साखर घालायची विसरली.

पण मागे मावशी उभ्या होत्या, हे आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. "मामा भाचीला खोटं शिकवतोय. वर हातवारे शिकवतोय. आणि पेढे कुणाला वाटतोस? तिला पेढा चालतो तरी होय? वाडीला दत्ताच्या प्रसादाचा पेढा पुजाऱ्यापुढंच थुंकली होती."

ते खरं होतं. खव्याचं काहीही तोंडात गेलं की तनूला उमासे यायचे.

"मावशी, अहो तिला कळायला लागलंय—"

"काय कळायला लागलंय? शेजारच्या पोतदारांच्या तान्ह्या पोराच्या तोंडात शेंगदाणे कोंबले होते हिनं. विसरलास? का तर हिला शेंगदाणे आवडतात. म्हणजे सगळ्यांना आवडणार. आपल्यापलीकडं दुसरं कोणी असतं, हेच हिला ठाऊक नाही. उद्या या घरात तान्हं येईल. मी काय चोवीस तास राखण करत बसू?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मी ठरवलंय दिगू. पुण्याकडं अशा मुलांचं वसतिगृह आहे. जूनमध्ये पाठवायची. ट्रंकसुद्धा आणून ठेवलीय."

ट्रंक खरंच आणली होती. हिरव्या रंगाची, माजघराच्या कोपऱ्यात उभी. अक्काने तिच्याकडे पाठ करून चहा गाळला. त्या महिन्यात तिने त्या कोपऱ्यात एकदाही झाडू मारला नाही, एवढाच तिचा विरोध. दाजींनीही विरोध केला असावा, पण तो मनातल्या मनात.

मेमध्ये अक्काला सातवा लागला आणि मावशींनी डोहाळजेवण काढलं. दुसऱ्या खेपेला आमच्याकडे कोणी एवढा घाट घालत नाही. पण मावशींनी घातला. गल्लीतल्या बायका, हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, सगळं साग्रसंगीत. झोपाळा बांधायला भाऊ हवा म्हणून मला सकाळीच बोलावलं आणि बांधून झाल्यावर लगेच हाकललं.

डोहाळजेवणात शेवटी एक गंमत असते. ताटात दोन वाट्या पालथ्या ठेवायच्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पोटुशीने एक वाटी उचलायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्यांना माहीत असतं की खेळ आहे. आणि तरी त्या क्षणी सगळ्यांचा श्वास अडकतो.

ताट मावशींनी स्वतः मांडायला घेतलं. स्वयंपाकघरातून सगळ्यांना बाहेर काढलं, मलाही. "पुरुषाचं काय काम इथं? हो बाहेर." फक्त तनू कोपऱ्यात शेंगा फोडत बसली होती. तिला उठवायचं मावशींच्या मनातही आलं नाही. तिच्यापासून काय लपवायचं?

संध्याकाळी माजघर बायकांनी भरून गेलं. मी स्वयंपाकघराच्या दारात चिवड्याचा डबा धरून उभा होतो, वाढायला लागेल म्हणून. गाणी इतक्या जोरात चालू होती की शेडची आठवण यावी. अक्का झोपाळ्यावर छान दिसत होती. मधूनच तिची नजर कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे जायची, तेवढंच. मावशींनी ट्रंकेवर चादर घातली होती, पण चादरीखाली काय आहे हे तिला ठाऊक होतं.

मावशींनी ताट आणलं. गलका वाढला. तेवढ्यात समोरून कोणीतरी हात हलवतंय असं वाटलं. भिंतीला टेकून तनू उभी होती. शेडमध्ये लांबच्या माणसाला बोलवायला जसा हात हलवतात तसा हलवत होती. मी बघितलं.

तिने दोन बोटांत गोल वळला आणि जीभ बाहेर काढून तोंड वाकडं केलं. पेढा. ताटाकडे बोट केलं आणि दोन बोटं दाखवली. दोन पेढे. दोन्ही वाट्यांखाली पेढा.

मी मावशींकडे बघितलं. मावशी ताटावरचं लाल फडकं सारखं करत होत्या आणि कोणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हत्या.

तनूचं अजून संपलं नव्हतं. तिने स्वतःकडे बोट केलं, मूठ मिटली. हनुवटीने आजी दाखवली, मूठ मिटली. झोपाळ्यावरची आई दाखवली आणि मूठ उघडली. मग हाताने सगळ्या बायकांवरून एक मोठा फेरा घेतला आणि मूठ उघडून झटकली. शेवटी माझ्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. गप्प बस मामा. आजीचं आहे ते.

मला रडू आलं. सरळ सांगतो, आलं. चिवड्याचं झाकण लावायच्या निमित्ताने मी आत वळलो आणि परत बाहेर आलो.

अक्काने डावी वाटी उचलली. पेढा. बायकांनी एकच गलका केला, कोणी अक्काच्या तोंडात पेढा भरवला, कोणी मावशींचा हात हातात घेतला. "झालं बाई तुमच्या मनासारखं." मावशी हसल्या. सगळं निभावलं होतं. आणि तेवढ्यात पोतदार वहिनी पुढे सरकल्या.

"बर्फी मी घेते गं," त्या म्हणाल्या. "मला आवडते. कशाला वाया घालवायची?" आणि त्यांनी दुसऱ्या वाटीकडे हात नेला.

"अहो, राहू द्या," मावशी म्हणाल्या. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"त्यात काय राहू द्यायचं?"

मावशींचा चेहरा पांढरा पडला. गल्लीभरच्या बायकांसमोर, सुनेच्या डोहाळजेवणात, त्यांची लबाडी उघडी पडणार होती, आणि पोतदार वहिनींना कळलं म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चावडीपासून मंडईपर्यंत सगळ्यांना कळणार होतं.

बायकांच्या पायांमधून तनू कशी आली कोणी पाहिलं नाही. तिने पोतदार वहिनींच्या हाताखालून वाटी उडवली, खाली होतं ते मुठीत घेतलं आणि अख्खंच्या अख्खं तोंडात कोंबलं. वाटी खणखणत झोपाळ्याखाली गेली.

"अगं बाई, हावरट."

"बर्फी खाल्लीन की गं सगळी."

"जाऊ दे, कळत नाही हो तिला."

तनू गाल फुगवून उभी होती. तोंडात पेढा, डोळ्यांत पाणी, आणि पोटातून उमासे येत होते ते तिच्या खांद्यांवरून दिसत होते. पण तोंड तिने घट्ट मिटलं होतं. तिने आजीकडे बघितलं. कपाळाला बोट लावलं, हात सगळ्या बायकांवरून फिरवला आणि मूठ उघडून झटकली.

मावशींना ती खूण येत नव्हती. पण या पोरीला पेढा चालत नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या.

"तिला कोणी काही म्हणू नका," त्या म्हणाल्या. आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या.

मी मागोमाग गेलो. मोरीपाशी तनू पेढा थुंकत होती आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. चूळ भरायला पाणी दिलं. मग डब्यातून मूठभर शेंगदाणे काढून तिच्या ओंजळीत घातले.

"तुला माहीत होतं?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"तिने सांगितलं. तुम्ही झाकलंय ते उघडं पडू नये, असं म्हणाली."

मावशींनी शेंगदाण्यांच्या डब्याचं झाकण लावलं. "नातवाची हाव म्हणून नाही केलं रे," मग म्हणाल्या. "असेलही थोडी. पण तनू झाल्यापासून ह्या बायका कुमुदला काय काय बोलल्यात, ते मी ऐकलंय. आज बर्फी निघाली असती तर तिथंच कुजबुज सुरू झाली असती. म्हटलं, एक दिवस तरी तिनं मान वर करून बसावं." डोळे पदराने टिपून त्यांनी विचारलं, "ते कपाळाला बोट लावून मूठ उघडते ते काय?"

"माहीत नाही, असं. त्यांना माहीत नाही."

"आणि माहीत आहे, कसं?"

मी दाखवलं. मावशींनी बांगड्या मनगटावर मागे सारल्या. तनूसमोर खाली बसल्या, आणि सहा वर्षं तिचे हात खाली करणाऱ्या त्या बाईने स्वतःचा हात वर केला. कपाळाला बोट लावलं. मूठ मिटली.

तनूचे शेंगदाणे चावणारे गाल थांबले. आजीच्या हाताकडे तिने असं बघितलं, की जणू माठच आपणहून चालत तिच्याकडे आला असावा.

जूनमध्ये तनू कुठेही गेली नाही. दुपारी ती शेडमध्ये आली आणि तिच्यासोबत मावशी आल्या, कानावर पदर घट्ट धरून. रसूलने पेटी पुसून त्यांना बसायला दिली. आजीला आपल्याहून कमी खुणा येतात, याचा तनूला भारी आनंद झाला, आणि शिकवताना आजीचा हात चुकला की ती पट्कन तो खाली करायची.

हिरव्या ट्रंकेत बाळाची दुपटी गेली.

श्रावणात अक्का बाळंत झाली. मुलगी. दवाखान्यात बघायला पहिल्या आल्या त्या अर्थात पोतदार वहिनी. बाळाकडे वाकून बघितलं, सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण पेढा निघाला होता ना? मग हे असं कसं झालं?"

मावशी खाटेच्या एका बाजूला, तनू दुसऱ्या बाजूला, बाळाच्या मुठीत आपलं बोट देऊन बसलेली. पोतदार वहिनींच्या प्रश्नाने मावशींनी तनूकडे बघितलं. तनूने मावशींकडे बघितलं.

मग दोघींनी, अगदी गंभीर चेहऱ्याने, कपाळाला बोट लावलं आणि मूठ उघडून झटकली.